नागपूरच्या मात्रा कोठे गळाल्या? संकेतस्थळाच्या उंबरठ्याचा इतिहास

१/ जगभर वापरल्या जाणाऱ्या एका संगणकीय चौकटीला ‘नागपूर’ हे नाव पत्त्यासाठी दिले, तर ती ‘नगपर’ परत करते. ‘अकोला’चे ‘अकल’ होते, ‘भंडारा’चे ‘भडर’. माती आणि मोती या दोहोंचेही ‘मत’च होते. हा दोष कोठून आला आणि त्यावरचा उपाय त्याच चौकटीत कसा उपलब्ध आहे, याचा हा इतिहास. #धागा

२/ आपण संकेतस्थळ उघडतो तेव्हा ब्राउझर दूरच्या सर्व्हरकडे एक विनंती पाठवतो. तीत पत्ता असतो, हवी असलेली भाषा असते, जुन्या ओळखीच्या खुणा असतात. १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संस्थेत ‘सीजीआय’ ही पद्धत आकारास आली. विनंती आली की सर्व्हर एक प्रोग्रॅम सुरू करी, उत्तर मिळताच तो संपे. पुढच्या विनंतीला पुन्हा पहिल्यापासून आरंभ.

३/ या पद्धतीत स्वातंत्र्य पूर्ण होते, पण श्रमही तेवढेच. वापरकर्ता कोण, त्याला परवानगी आहे का, पत्ता बरोबर आहे का, हे प्रश्न प्रत्येक प्रोग्रॅमकाराने नव्याने सोडवायचे. ही सामाईक कामे एकदाच लिहून ठेवणारी तयार मांडणी म्हणजे ‘फ्रेमवर्क’. मात्र तयार मांडणी स्वीकारली, की तिच्या कर्त्यांची गृहीतकेही आपोआप स्वीकारली जातात.

४/ ‘जँगो’ हे असेच एक फ्रेमवर्क. त्याचा जन्म २००३ मध्ये कॅन्सस राज्यातील लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वृत्तपत्राच्या कार्यालयात झाला. एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन हे त्याचे आद्य कर्ते. २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. नाव मिळाले जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून.

५/ त्याच २००३ मध्ये, डिसेंबरात, फिलिप एबी यांनी पायथन भाषेसाठी एक करार मांडला : डब्ल्यूएसजीआय. सर्व्हरने विनंती कोणत्या रूपात द्यावी आणि प्रोग्रॅमने उत्तर कसे परत करावे, एवढेच त्यात ठरवले होते. दोन्ही टोके निश्चित झाल्यामुळे मधली जागा मोकळी झाली. तेथे कोणालाही आपला टप्पा बसवता येऊ लागला. या टप्प्यांना ‘मिडलवेअर’ म्हणतात.

६/ कचेरीत अर्ज आला की आधी आवक बारनिशीत त्याची नोंद होते, मग कारकुनाची टिप्पणी, मग साहेबांची सही. जँगोतील विनंतीही अशीच टप्प्याटप्प्याने आत जाते आणि उत्तर त्याच वाटेने उलट क्रमाने बाहेर येते. क्रम चुकला की कामही चुकते : सत्राची नोंद होण्यापूर्वी ओळख पटवता येत नाही. शिवाय कोणताही टप्पा विनंतीला आत न सोडता परस्पर उत्तर देऊ शकतो. उंबरठ्यावरचा नियम म्हणूनच महत्त्वाचा.

७/ आता पत्त्याकडे वळू. वृत्तपत्रात तयार होत असलेल्या बातमीला एक छोटे ओळखनाम देतात. इंग्रजी पत्रसृष्टीत त्याला ‘स्लग’ म्हणतात. जँगोने तो शब्द पत्त्यातील नावासाठी उचलला. नियम साधा होता : रोमन अक्षरे, अंक, आडवी रेघ, अधोरेघ. कॅन्ससमधील बातम्यांना एवढे पुरेसे होते. मराठी शीर्षक दिल्यास मात्र स्लग रिकामाच येई.

८/ या संकोचाचे मूळ जँगोच्याही आधीचे आहे. १९९४ च्या मानकानुसार वेबपत्ता मर्यादित रोमन चिन्हांतच लिहिता येई. देवनागरी अक्षरे आजही सांकेतिक रूपात पाठवावी लागतात : ‘नागपूर’मधील सहा घटकांची त्या रूपात ५४ चिन्हे होतात. ब्राउझर ती पुन्हा देवनागरीत दाखवतो, म्हणून आपल्या ध्यानात येत नाही.

९/ हा प्रश्न आपल्या इतिहासाला अपरिचित नाही. विल्यम विल्सन हंटर यांनी १८७१ मध्ये भारतीय विशेषनामे रोमन लिपीत कशी लिहावीत, याची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. दीर्घ स्वरांवर खूण करावी, असा तिचा दंडक होता. नित्य व्यवहारात त्या खुणा गळून पडल्या. आजच्या रोमन पाटीवरून ‘पू’ दीर्घ आहे की ऱ्हस्व, हे परक्याला समजत नाही.

१०/ टपाल खात्याने वेगळा मार्ग काढला. संस्कृत कवी आणि टपाल अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाला. एकाच नावाची अनेक गावे, अनेक लिप्यांतील पत्ते. वेलणकरांनी नावाला हात न लावता शेजारी सहा अंक ठेवले. नागपूर शहराचे पहिले तीन अंक ४४०. अनेक संकेतस्थळेही पत्त्यात नावासोबत क्रमांक ठेवतात, ते याच कारणाने.

११/ डिसेंबर २०१५ मध्ये जँगोने स्लगमध्ये अन्य लिप्यांना परवानगी दिली, आणि ‘नगपर’चा उद्भव झाला. पायथनच्या लेखी ‘न’ हे अक्षर आहे; काना, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही युनिकोडच्या वर्गवारीत अक्षराला जोडून येणारी चिन्हे आहेत. ‘अक्षर नसलेले सर्व वगळा’ हा नियम त्यांनाही वगळतो. याविषयीची तक्रार पायथनच्या विकासकांकडे २००७ मध्येच नोंदवली गेली होती.

१२/ उपाय चौकटीच्या बाहेर शोधावा लागत नाही. डिसेंबर २०१७ च्या जँगो २.० मध्ये स्वतःचा ‘पाथ कन्व्हर्टर’ नोंदवण्याची सोय आली. त्यात तीन गोष्टी सांगायच्या : कोणती चिन्हे ग्राह्य, आत येताना त्यांचे काय करावे, आणि बाहेर पत्ता लिहिताना काय करावे. पूर्वी हे नियम प्रत्येक पत्त्यासाठी वेगळे लिहावे लागत. आता एकदा लिहून, नाव देऊन सर्वत्र वापरता येतात. सोबत स्लग घडवणारे कार्यही स्वतःचे हवे, अन्यथा मात्रा तेथेच गळतील.

१३/ मराठीची म्हणून आणखी एक अडचण उरते. ‘वऱ्हाड’मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो : एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना वऱ्हाड एकच, संगणकाला दोन. ते जोडचिन्ह युनिकोडच्या देवनागरी विभागात नाही, त्यामुळे ‘फक्त देवनागरी’ असा नियम केल्यास वऱ्हाडचे एक रूप दारातच अडते. कन्व्हर्टरने दोन्ही रूपे स्वीकारून आत एकच करावे, हे उत्तम.

१४/ येथे कोणी मराठीविरुद्ध कट केला नव्हता. कॅन्ससमध्ये लिहिलेल्या नियमाला वऱ्हाड ठाऊक नव्हते, एवढेच. हंटरच्या खुणा गळाल्या तेव्हा त्या परत आणण्याचे साधन सामान्य वाचकाच्या हाती नव्हते. या चौकटीत ते आहे, आणि काही ओळींचे आहे. मराठी ग्रंथालयांची, गॅझेटियरांची आणि अभिलेखांची संकेतस्थळे उभी राहत असताना त्या ओळी लिहिण्याचे दायित्व मराठी जाणणाऱ्याचेच आहे. धागा समाप्त.