घरचें कॉलेज आणि शिकविणारें कॉलेज

शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष म्हणून विल्यम रेनी हार्पर यांचें नांव अमेरिकेच्या शिक्षणेतिहासांत वारंवार येतें. परंतु त्यांच्या चरित्रांतील दोन गोष्टींची सांगड क्वचितच कोणी घालतो. हिब्रू भाषेचे हे पंडित १८८० नंतरच्या दशकांत ती भाषा टपालानें शिकवीत असत, आणि १८९२ सालीं विद्यापीठ उघडलें तेव्हां पत्रद्वारा शिक्षणाची शाखा त्यांनीं आरंभापासूनच त्यास जोडून दिली. पुढें १९०१ सालीं इलिनॉय राज्यांतील जोलिएट या गांवीं हायस्कुलाच्या वरचे दोन वर्षांचे कॉलेजचे वर्ग निघाले, तेहि त्यांच्याच प्रेरणेनें. पहिल्या वर्षीं विद्यार्थी होते अवघे सहा! अमेरिकेंत 'कम्युनिटी कॉलेज' या नांवानें आज जीं सुमारें हजार कॉलेजें आहेत, त्यांतील सर्वांत जुनें सार्वजनिक कॉलेज हेंच मानतात. दूरचें शिक्षण आणि दारचें कॉलेज, ह्या दोन कल्पनांचा पुरस्कर्ता एकच. त्या दोन्ही एका घरांत नांदावयास मात्र अर्धें शतक लागलें. आणि एका कॉलेजाचा दूरवर्ग दुसऱ्या कॉलेजाच्या विद्यार्थ्यास आपला वाटावा, ही गोष्ट अद्यापि पुरतेपणीं साधलेली नाहीं.

हें कॉलेज म्हणजे आपल्याकडील कॉलेज नव्हे. प्रवेशास गुणांची अट बहुधा नसते, फी थोडी असते, आणि दोन वर्षांचा अभ्यास पुरा करणारास विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षांत जाण्याची वाट असते. येथें येणारा विद्यार्थी दिवसा दुकानांत उभा असतो, किंवा घरीं मूल निजवून पुस्तक उघडीत असतो. विद्यापीठांत जाण्यास त्याला ठराविक विषय ठराविक काळांत पुरे करावे लागतात. आतां, एखाद्या लहान कॉलेजांत भौतिकशास्त्राच्या वरच्या वर्गास पांचच विद्यार्थी आले, तर तो वर्ग रद्द होतो. आणि त्या एका विषयापायीं पांचांचें वर्ष फुकट जातें. पैशाची चणचण असलेल्या माणसाचें गेलेलें वर्ष पुष्कळदां परत येत नाहीं. तो शिक्षणच सोडतो. शेजारच्या कॉलेजांतील वर्ग आपल्या विद्यार्थ्यास खुला करावा, हा विचार या अडचणींतून निघाला.

यंत्रांची उणीव कधींच फारशी नव्हती. १९५६ सालीं शिकागोच्या सिटी ज्युनियर कॉलेजानें दूरचित्रवाणीवरून शिकविण्यास आरंभ केला. घरीं बसून व्याख्यानें पाहावीं, निबंध टपालानें धाडावे, आणि परीक्षेस तेवढें हजर राहावें, अशी व्यवस्था. १९७० नंतर टेक्सासमधील डॅलस व कॅलिफोर्नियाचा किनारा येथील कॉलेजें असे अभ्यासक्रम स्वतः चित्रित करून इतर कॉलेजांस वापरावयास देऊं लागलीं. ही देवघेव सुरळीत चालली, याचें कारण माझ्या मतें उघड आहे. ध्वनिचित्रफीत घेणें हें पुस्तक विकत घेण्यासारखेंच होतें. ती घेणारें कॉलेज तिच्यावर आपला अध्यापक नेमी, परीक्षा आपली घेई, विद्यार्थी आपल्या पटावर मांडी. परक्यावर विश्वास टाकण्याचा प्रसंगच येत नसे.

इंटरनेट आल्यावर तो प्रसंग आला. कारण आतां फीत नव्हे, तर प्रत्यक्ष अध्यापक, त्याचा वर्ग आणि त्यानें दिलेले गुण दुसऱ्याकडून घ्यावयाचे होते. कोलोरॅडो राज्यानें १९९८ सालीं एक सुटसुटीत तोड काढली: ऑनलाइन वर्ग सर्व कॉलेजांचे मिळून सामाईक ठेवावे, विद्यार्थ्यानें नांव आपल्याच कॉलेजांत नोंदवावें, आणि पदवीहि त्यानेंच द्यावी. तेथील बहुतेक कॉलेजें एका मंडळाखालीं असल्यामुळें हें जमलें.

कॅलिफोर्नियाची गोष्ट निराळी. तेथें ११६ कॉलेजें आणि ७३ जिल्हे. जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यास मतदारांनीं निवडलेलें स्वतंत्र मंडळ. फी राज्यभर एकच, २०१२ पासून एका युनिटास ४६ डॉलर. तेव्हां दरांत घासाघीस करण्याचें कारणच नाहीं. असें असूनहि दुसऱ्या कॉलेजांत एक विषय घेऊं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास नवा अर्ज, जुन्या गुणांचा दाखला, पूर्वीचा विषय झाल्याचा पुरावा हे सारे सोपस्कार करावे लागत. त्यांत आणखी मेख अशी, कीं संघसरकारची शिष्यवृत्ति एका वेळीं एकाच कॉलेजाकडून मिळते. दोन ठिकाणचे विषय एकत्र धरावयाचे तर कॉलेजांचा आपसांत करार लागतो. एकच विषय दोन गांवीं दोन नांवांनीं चाले, तो वेगळाच घोळ!

ही गुंतागुंत सोडविण्याचें काम २०१३ सालीं राज्यानें हातीं घेतलें. विषयांस सामाईक क्रमांक देण्याचा उपक्रम आधींच चालू होता. २०१५ सालीं सर्व कॉलेजांसाठीं 'कॅनव्हस' ही एकच संगणकीय शिक्षणप्रणाली निवडण्यांत आली, आणि अध्यापकांनींच एकमेकांचे ऑनलाइन वर्ग तपासावे अशी कसोटी ठरली. मला या साऱ्यांत शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. दुसऱ्या कॉलेजाच्या गुणपत्रिकेवर विश्वास बसावयाचा तर तो सरकारी हुकुमानें बसत नाहीं. त्याच विषयाच्या माणसानें वर्ग आंत जाऊन पाहिला, तरच बसतो.

अध्यापकांच्या मनांत भीति होती, आणि ती अनाठायीं नव्हती. पांच कॉलेजांस एकाचा वर्ग पुरला, तर उरलेल्या चौघांनीं काय करावें? वास्तविक तेथील निम्म्याहून अधिक अध्यापक अर्धवेळ काम करतात. सकाळीं एका कॉलेजांत, दुपारीं दुसऱ्यांत, अशी मोटारींतून वणवण करणाऱ्यांना 'महामार्गावरचे पक्षी' अशा अर्थाचें टोपणनांवहि पडलेलें आहे. म्हणजे वर्ग वांटून घेण्यापूर्वीं कॉलेजांनीं माणसें वांटून घेतलींच होतीं. फरक इतकाच, कीं पेट्रोलचा खर्च त्या माणसांच्या माथीं होता.

वर्गांच्या गुणवत्तेविषयींहि शंका निघाली. २०१४ सालीं कॅलिफोर्नियांतील एका संशोधनसंस्थेनें दाखवून दिलें, कीं ऑनलाइन वर्गांत उत्तीर्णांचें प्रमाण समोरासमोरच्या वर्गांहून कमी भरतें. त्याच अहवालांत मात्र असेंहि आढळलें, कीं ज्यांनीं निदान कांहीं विषय ऑनलाइन घेतले, ते पदवीपर्यंत किंवा विद्यापीठापर्यंत पोंचण्याचा संभव अधिक. मला यांत विसंगति दिसत नाहीं. विषय एकंदरीनें अवघड जातो, पण ज्याचें वर्ष त्यामुळें वांचतें, तो मुक्कामास पोंचतो.

उरला जमाखर्चाचा प्रश्न. कॅलिफोर्नियाच्या योजनेंत विद्यार्थ्याचें कॉलेज तें 'घरचें' आणि वर्ग देणारें तें 'शिकविणारें', अशीं नांवें आहेत. विद्यार्थिसंख्येवर राज्याकडून मिळणारी रक्कम त्या विषयापुरती शिकविणाऱ्या कॉलेजाच्या पदरीं पडते. विद्यार्थ्यास सल्ला देणें, त्याच्या शिष्यवृत्तीचे कागद सांभाळणें, आणि दोन वर्षांनंतर त्याच्या हातीं पदवी ठेवणें, हें काम घरच्या कॉलेजाकडे राहतें. डोंगराळ भागांतील लहान कॉलेजाच्या प्रमुखास असा विद्यार्थी दुसरीकडे पाठवितांना पटावरचा एक आंकडा स्वतःच्या हातानें खोडावा लागतो; आणि न पाठवावा, तर त्याला हवा असलेला वर्ग गांवांत निघत नाहीं.