चार्जरचे पैसे परत मिळाले, जळालेल्या कपाटाचं काय?

पूर्वी काही घ्यायचं तर आपण लोणावळ्याच्या नाहीतर वडगावच्या बाजारात जायचो. आता आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळातल्या वाड्यांपर्यंत ऑनलाइन मागवलेलं पार्सल येतं. समजा, असाच एक चार्जर आला, रात्री फुटला आणि गादी, कपाट, कपाटातल्या साड्या जळाल्या. विकणारा म्हणतो, चार्जरचे तीनशे रुपये परत घ्या. मग कपाटाचे पैसे कोण देणार? ते मागायचा हक्क आपल्याला आहे. तो कसा मिळाला, ते आज सांगते.

स्कॉटलंडमध्ये पेझली नावाचं गाव आहे. ऑगस्ट 1928 मध्ये दुकानात काम करणारी मे डोनोह्यू नावाची गरीब बाई तिथल्या एका उपाहारगृहात गेली. मैत्रिणीनं तिच्यासाठी आल्याच्या पेयाची बाटली घेतली. काच गडद, आतलं काही दिसत नव्हतं. थोडं पिऊन झाल्यावर बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाली आणि आपण आजारी पडलो, असं तिचं म्हणणं होतं. पण पैसे मैत्रिणीनं दिलेले. त्यामुळे भरपाई मागायला तिच्याकडे खरेदीचा करारच नव्हता. तरी बाई हटली नाही. खटल्याला पैसे नाहीत असं सांगून ती लंडनच्या सर्वात वरच्या न्यायपीठापर्यंत गेली. 26 मे 1932 ला पाचपैकी तीन न्यायाधीशांनी तिच्या बाजूनं कौल दिला. वस्तू बनवणाऱ्यानं ती वापरणाऱ्याच्या जिवाची आणि मालमत्तेची काळजी घेतली पाहिजे, हे तत्त्व तिथे रुजलं.

आपल्याकडे ग्राहकाची बाजू मांडण्यात बायका पुढे होत्या. 1972 मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. 1974 मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिथे कुटुंबांनी संघ करून एकत्र खरेदी केली, आपल्या बचत गटांसारखीच. देशभरातल्या अशा चळवळींनंतर 24 डिसेंबर 1986 ला ग्राहक संरक्षण कायदा झाला. म्हणून तो दिवस आपण ग्राहक दिन पाळतो.

त्या कायद्यात भरपाई होती, पण समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागे. शिवाय आपण राहतो म्हणून आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येईल, अशी सोय नव्हती. विकणारा दुसऱ्या राज्यात असला की वाद तिथेच अडू शके.

2019 चा नवा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. सदोष वस्तूमुळे आपल्या दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई मागता येते, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. वस्तू बनवण्यात किंवा तिच्या रचनेत दोष असेल, वापराच्या सूचना अपुऱ्या असतील, तर बनवणारा जबाबदार. बनवणारा कोण हेच कळत नसेल, तर विकणाऱ्याला धरता येतं. मावळातल्या बाईला पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, ऑनलाइनही करता येते. आणि वस्तू मुलाच्या मोबाइलवरून मागवली असली, तरी त्याच्या संमतीनं ती वापरणारी आईसुद्धा ग्राहकच.

काही मर्यादा आहेत. वस्तू चुकीची वापरली किंवा तिच्यात फेरफार केला, तर भरपाई अडते. धंद्यातला बुडालेला नफा या कलमात मिळत नाही. मात्र पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेलं शिलाई मशीन असेल, तर ती बाई ग्राहक ठरते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पैसे परत मिळतील म्हणून जळालेली वस्तू घाईनं परत पाठवू नका. तोच आपला पुरावा. आयोग ती प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. खोकं, बिल, ऑर्डरचा मेसेज जपा. आवराआवर करण्याआधी फोटो काढा. आग मोठी असेल तर पंचनामा करून घ्या. काय काय जळालं, केव्हा घेतलं, किती किमतीचं, याची यादी लिहा. मग विकणाऱ्या संकेतस्थळाकडे लेखी तक्रार करा. नियमाप्रमाणे त्यांनी 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. नाही केलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. त्यानंही काम झालं नाही तर आयोगात जा. वस्तू पाच लाखांपर्यंतची असेल तर शुल्क नाही, आणि वकील केलाच पाहिजे असंही नाही. मुदत नुकसान झाल्यापासून दोन वर्षं.

तक्रारीत दोन रकमा वेगळ्या लिहा: वस्तूची किंमत एक, आणि तिनं जे जाळलं त्याची भरपाई दुसरी. दुसरी रक्कम लिहायचीच राहिली, तर हातात फक्त चार्जरचे तीनशे रुपये येतील.