मंजिष्ठा, अस्थी आणि रक्त

इसवी सन 1739 च्या मे महिन्यात चिमाजीआप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला सर करून विरार-सोपाऱ्याच्या मुलखातील फिरंगी अंमल उठविला, त्याच वर्षी द्युआमेल द्यु मॉन्सो हा फ्रेंच विद्वान, मंजिष्ठेच्या कुळातील मुळी चारल्याने जिवंत जनावरांची हाडे तांबडी कशी होतात, याचा वृत्तांत पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडीत होता. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. मात्र त्या मुळीच्या कथेशी हिंदुस्थानच्या कापडाचा संबंध आहे, आणि तो दूरचाही नाही.

ज्या पश्चिम किनाऱ्यावरील सोपाऱ्याचे नाव पेरिप्लस या ग्रीक नाविक-ग्रंथात आले आहे, त्या किनाऱ्यावरून कापूस आणि सुती वस्त्रे शतकानुशतके परदेशी जात असत. पुढे हिंदुस्थानी चिटांचा हव्यास इंग्लंडात इतका वाढला की तेथील विणकरांच्या ओरडीमुळे सरकारने प्रथम त्यांची आयात आणि 1721 मध्ये त्यांचा वापरही मना केला. तरीही कापड छापण्याचा धंदा लंडनात रुजलाच. अशाच एका छापकाराकडे जॉन बेल्चियर हा शस्त्रवैद्य भोजनास गेला असता ताटातील डुकराच्या मांसात हाडे लाल निघाली, आणि चौकशीअंती कळले की रंगकामात वापरलेला, त्या मुळीने माखलेला कोंडा त्या डुकरांना घातला जात असे. 1736 मध्ये त्याने ही हकीकत रॉयल सोसायटीस कळविली. याच मुळीची आपल्याकडील बहीण मंजिष्ठा सुश्रुताने भग्नचिकित्सेत, ज्येष्ठमध व रक्तचंदनासह, शंभर वेळा धुतलेल्या तुपात कालवून मोडलेल्या अवयवावर लेपास सांगितली आहे, हा योगायोग मला मोठा मनोरम वाटतो. त्यावरून पूर्वजांस सारे ठाऊक होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह मात्र आवरलेला बरा.

द्युआमेलने मुळी काही काळ चारली, काही काळ बंद केली. तेव्हा हाडात लाल व पांढरे थर एकाआड एक दिसले. हाडाभोवती गुंडाळलेली चांदीची तार कालांतराने नव्या हाडाखाली गाडली गेली. यावरून त्याने ठरविले की झाडाची साल जसे लाकूड वाढविते, तसे हाडावरील पटल, म्हणजे पर्यस्थिकला, हाड वाढविते. आल्ब्रेख्ट फॉन हालर यास हे मान्य नव्हते. त्याच्या मते पटल केवळ रक्तवाहिन्यांचे वाहक, आणि हाड घडते ते रक्तवाहिन्यांमुळे. एकोणिसाव्या शतकात लियाँच्या ओलिए याने सशांच्या पर्यस्थिकलेचे तुकडे अन्यत्र रोपून तेथे हाड उगवते असे दाखविले आणि पारडे द्युआमेलकडे झुकविले. परंतु रक्त प्रत्यक्ष वाहताना या वादात कोणी पाहिलेच नव्हते. सारा निवाडा मेलेल्या हाडावरून होत होता.

वाहते रक्त पाहण्याची सोय विसाव्या शतकात झाली. जनावरास बेशुद्ध करून कातडी व स्नायू अलगद बाजूस सारायचे, पटल कोमट क्षारजलाने ओले ठेवायचे, शिरेत चमकणारे रंगद्रव्य सोडायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्यांतून सरकणाऱ्या रक्तकणांचा वेग मोजायचा, अशी ही रीत. अशाच निरीक्षणासाठी स्वीडनच्या ब्रोनेमार्कने सशाच्या पायाच्या हाडात बसविलेली टायटॅनियमची कुपी निघेना, तेव्हा त्या धातूशी हाड एकजीव होते हे त्यास उमगले. आजचे दंतरोपण त्यातूनच आले. जनावराच्या वेदनेचा प्रश्न येथे टळत नाही. राजाने शिकारीचे विहार सोडून धर्मयात्रा धरल्या, असे सांगणाऱ्या अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा भगवानलाल इंद्रजी यांस 1882 मध्ये सोपाऱ्यासच सापडला होता. आणि स्वतंत्र भारतात 1960 च्या कायद्याने अशा प्रयोगांवर देखरेखीसाठी समिती नेमण्याची तरतूद झाली.

या निरीक्षणांचे महत्त्व अस्थिशल्यात कळते. पट्टी फार आवळली तर सूज, वेदना व पाक होतो, असे सुश्रुताने बजावले होते. पुढे मोडलेले हाड जोडण्यासाठी पोलादी पट्ट्या आल्या तेव्हा त्याही पर्यस्थिकलेवर घट्ट बसून तिचा रक्तपुरवठा चेपू लागल्या. म्हणून 1990 च्या सुमारास पट्टीच्या खालच्या अंगास खाचा ठेवून तिचा हाडाशी स्पर्श कमी करण्यात आला, आणि पटल खरवडून काढण्याची जुनी सवय शल्यवैद्यांनी हळूहळू सोडली.