घड्याळजींनी घडवलेला डॅशबोर्ड

मोटारीला वेग मोजायची गरज भासली तेव्हा तिच्या मदतीला घड्याळजी धावले. लंडनमध्ये घड्याळांचे दुकान चालवणाऱ्या स्मिथ घराण्याने 1904 साली राजे सातवे एडवर्ड यांच्या मर्सिडीजसाठी स्पीडोमीटर बनवले. पॅरिसचे एदमाँ जेगर हे मुळात घड्याळांची यंत्रे करणारे. त्यांच्या नावाची मीटरे पुढे एमजी मोटारींच्या डॅशबोर्डवर झळकली.

या मीटरांत दोन घराणी दिसतात. ‘क्रोनोमेट्रिक’ मीटरात चक्क घड्याळाची यंत्रणा असते. ठरावीक क्षणांत केबलचे किती फेरे झाले ते मोजून ती काटा हलवते, म्हणून काटा सरकत नाही, टप्प्याटप्प्याने उडतो. दुसरे घराणे चुंबकाचे. जर्मन संशोधक ऑटो शुल्झे यांनी 1902 मध्ये त्याचे पेटंट घेतले. गिअरबॉक्सकडून येणारी केबल चुंबक फिरवते, त्या फिरण्याने शेजारची अॅल्युमिनियमची वाटी ओढली जाते आणि नाजूक स्प्रिंग तिला अडवून धरते. या ओढाताणीत काटा जिथे थांबेल, तो वेग. रचना सोपी आणि स्वस्त असल्याने पुढे हीच सर्वत्र रुळली.

जुन्या गाडीचे मीटर काढणे तसे अवघड नसते. आधी बॅटरीची वायर सोडवायची. मग डॅशबोर्डमागे हात घालून केबलची चाकी आणि बल्ब काढायचे. स्मिथ घराण्याच्या ‘स्मिथ्स’ नावाच्या बहुतेक मीटरांना मागून यू आकाराची पट्टी असते. तिचे खाचेदार नट सैल केले की मीटर पुढून बाहेर येते. खरी कसोटी त्या जागी दुसरे बसवताना लागते.

स्मिथ्सच्या तबकडीवर बारीक अक्षरांत 1600 किंवा 1280 असा आकडा छापलेला असतो. एक मैल अंतरात केबलचे तेवढे फेरे व्हावेत, असा त्याचा अर्थ. तो न पाहता दिसायला हुबेहूब मीटर बसवले, तर वेगही चुकतो आणि अंतरही. भारतात 1956 च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आणली, पण जुन्या ब्रिटिश गाड्यांवर मैल राहिले. तिथे नुसती किलोमीटरची तबकडी लावून भागत नाही. अंतर मोजणारी दातेरी चाकेही बदलावी लागतात.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या काही तबकड्यांवर रेडियमचा रंग आहे. त्याची चमक विझली तरी किरणोत्सर्ग संपत नाही. रेडियम निम्मे व्हायलाच सुमारे 1600 वर्षे लागतात. असे मीटर घरी उघडून खरवडू नये.

दुसरे मीटर जुळवणे असे किचकट असल्याने जाणते कारागीर बदलण्याआधी दुरुस्तीचा विचार करतात. जुन्या तापमान मीटरात इंजिनापासून काट्यापर्यंत ईथर भरलेली बारीक नळी असते. ती तुटली की काटा निपचित पडतो. तेव्हा ते स्वस्त नवे मीटर घेतात, त्याचा ईथर भरलेला फुगा बर्फ-मिठात गार ठेवतात, नळी कापून जुन्या मीटराला डाख देऊन जोडतात. काटा पुन्हा चढू लागतो, आणि कारखान्यातून आलेली मूळ तबकडी जागची हलत नाही.