बालापहरण, आंतरराष्ट्रीय
वैवाहिक कलहामुळे एका पालकाने दुसऱ्याच्या संमतीवाचून अपत्यास परदेशी नेणे किंवा ठरलेली मुदत संपल्यावरही त्यास तेथेच ठेवून घेणे, यास आंतरराष्ट्रीय बालापहरण म्हणतात. येथे अपहर्ता परका नसून जन्मदाताच असतो. त्यामुळे सामान्य फौजदारी कायदा या प्रश्नास अपुरा पडतो.

पूर्वी अशा प्रसंगी प्रत्येक देशाचे न्यायालय ताब्याचा प्रश्न नव्याने विचारात घेई. परिणामतः एकाच बालकाबाबत दोन देशांत परस्परविरोधी आदेश निघत. दावा जितका लांबे, तितके मूल नव्या घरी रुळे आणि अपहर्त्याची बाजू बळकट होई. खाजगी आंतरराष्ट्रीय कायद्याविषयीच्या हेग परिषदेची पहिली बैठक १८९३ मध्ये भरली होती. तिच्यापुढे कॅनडाने १९७६ मध्ये हा विषय मांडला. त्यातून २५ ऑक्टोबर १९८० रोजी हेग करार संमत झाला व १ डिसेंबर १९८३ पासून तो अंमलात आला. आता शंभराहून अधिक राष्ट्रे त्यात सामील आहेत.

ताबा कोणाकडे असावा, हे हा करार ठरवीत नाही. ते कोणत्या देशाने ठरवावे, एवढेच तो सांगतो. सोळा वर्षांखालील बालकास त्याच्या नित्य निवासाच्या देशी त्वरित परत पाठवावे, हे त्याचे मूलतत्त्व होय. त्यासाठी प्रत्येक राष्ट्रात मध्यवर्ती प्राधिकरण असते. न्यायालयाने सहा आठवड्यांत निर्णय द्यावा, अशी अपेक्षा आहे. अपहरणास एक वर्ष उलटून गेल्यावर अर्ज झाला आणि मूल नव्या परिसरात रुळले असेल, परत जाण्याने त्यास शारीरिक वा मानसिक हानीचा गंभीर धोका असेल, किंवा जाणते मूल स्वतःच विरोध करीत असेल, तर परतीस नकार देता येतो.

कराराच्या शिल्पकारांपुढे प्रामुख्याने ताबा नसलेला व मुलास पळवून नेणारा पिता होता. प्रत्यक्षात मात्र १९९९ मधील अर्जांच्या पाहणीत मुलास नेणाऱ्यांपैकी सु. ७०% माता आढळल्या. त्यांपैकी काही घरगुती हिंसेपासून पळ काढणाऱ्या असतात. करारात तर या हिंसेचा उल्लेखही नाही. म्हणून ‘गंभीर धोका’ या अपवादाचा अर्थ हाच वादाचा केंद्रबिंदू ठरला. हेग परिषदेने २०२० मध्ये त्याविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. दीर्घकाळ अलिप्त राहिलेल्या जपानमध्ये हा करार २०१४ मध्ये लागू झाला.

भारत या करारात सामील नाही. येथे पालक सामान्यतः देहोपस्थितीच्या प्राधिलेखासाठी उच्च न्यायालयाकडे धाव घेतात. बालकाचे हित सर्वोपरी असून परकीय न्यायालयाचा आदेश हा विचारात घ्यावयाचा केवळ एक घटक होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. विधी आयोगाने २००९ मध्ये करारात सामील होण्याची शिफारस केली, तर २०१६ मध्ये विधेयकाच्या मसुद्यावर अहवाल दिला. न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल २०१८ मध्ये सादर झाला. विवाह मोडल्यामुळे माहेरी परतलेल्या अनिवासी भारतीय स्त्रियांवर या करारामुळे अन्याय होईल, हा त्यावरील प्रमुख आक्षेप होय. उलटपक्षी, करार नसल्यामुळे भारतातून परदेशी नेलेल्या मुलांच्या पालकांसही त्याचा आधार मिळत नाही.

त्वरित परतीचा नियम अपहरणास आळा घालतो, कारण तो अपवादांस फारसा थारा देत नाही. परंतु नियम सर्वांसाठी असतो आणि धोका एखाद्याच बालकास असतो. या दोहोंचा मेळ घालणे, हेच या कायद्यापुढील मुख्य आव्हान आहे.