कोलेस्ट्रॉलची गोळी चालू असताना मशरूमच्या कॅप्सूल घ्याव्यात का?

घरात कुणाची अँजिओप्लास्टी झालेली असली किंवा शुगर-बीपी असली, की कुणी ना कुणी सांगतंच, "ती कोलेस्ट्रॉलची गोळी जन्मभर खाणार का? रेशी मशरूम घ्या, नैसर्गिक आहे." कधी साखळी पद्धतीने माल विकणारा ओळखीचा असतो, कधी सुट्टीवर आलेला भाचा दुबईहून डबी आणतो. डबी साधी दिसते म्हणून डॉक्टरांना कुणी सांगत नाही. अडचण इथूनच सुरू होते.

आधी गोळीबद्दल. आपल्याकडे बहुतेकांना अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन दिलं जातं. ही स्टॅटिन गटातली औषधं. यकृतात कोलेस्ट्रॉल तयार करणारं एक एन्झाइम ती अडवतात. गंमत म्हणजे "केमिकल" म्हणून ज्यांची बदनामी होते, त्या स्टॅटिनचा जन्मच बुरशीतून झाला. जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी 1970च्या दशकात हजारो बुरशा तपासून पहिलं स्टॅटिन शोधलं. पुढे बुरशीतूनच मिळालेल्या लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत 1987 मध्ये औषध म्हणून मंजुरी मिळाली. आपण भाजी म्हणून खातो त्या धिंगरी अळिंबीतही लोव्हास्टॅटिन थोडं आढळतं. म्हणून नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हे डोक्यातून काढून टाका. भाजी मात्र बिनधास्त खा, ताटातल्या अळिंबीबद्दल इथे तक्रार नाही.

सगळ्यात मोठा धोका लाल यीस्ट तांदळाचा. हा मशरूम नाही, तांदळावर वाढवलेली बुरशी आहे. पण "कोलेस्ट्रॉल सपोर्ट" नावाच्या मिश्रणांत तो असू शकतो. त्यातलं मोनॅकोलिन के हा घटक म्हणजे हुबेहूब लोव्हास्टॅटिनच. म्हणजे डॉक्टरांची गोळी घेणारा माणूस नकळत दुसरं स्टॅटिन घेतो, आणि किती, ते डबीवर धड लिहिलेलं नसतं. स्टॅटिनचा डोस वाढला की स्नायू दुखणं, अशक्तपणा वाढतो. क्वचित स्नायू विरघळून किडनीवर ताण येतो, तेव्हा लघवी चहासारखी गडद होते. असं झालं तर वाट न बघता थेट दवाखाना गाठा. युरोपीय संघाने 2022 मध्ये पूरक उत्पादनांतलं मोनॅकोलिनचं प्रमाण दिवसाला 3 मिलिग्रॅमच्या आत आणलं. 2024 मध्ये जपानमध्ये अशाच लाल तांदळाच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या किडन्या बिघडल्याचं प्रकरण गाजलं.

आता रेशीकडे. हृदयरोग्यांच्या बाबतीत खरी काळजी स्टॅटिनपेक्षा रक्त पातळ करणाऱ्या गोळीची आहे. अँजिओप्लास्टीनंतर अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिन बरेचदा एकाच कॅप्सूलमध्ये मिळतात, त्यामुळे आपण रक्त पातळ करणारं औषध घेतोय हे पेशंटला माहीतच नसतं. रेशीमुळे रक्त गोठण्याची क्रिया मंदावू शकते. दोन्ही एकत्र झालं की हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग. ऑपरेशन किंवा दात काढायचा असेल तर आधी सांगितलंच पाहिजे. रेशीची पावडर घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, आणि स्टॅटिनही यकृतातूनच जातं. एसजीपीटी वाढला तर दोष गोळीचा की पावडरचा, हे डॉक्टरांना कळणार कसं?

बाकीचे मशरूम थोडक्यात. कॉर्डिसेप्स, म्हणजे उत्तराखंडची कीडा जडी, शुगर खाली आणू शकते. डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर सांभाळा. चागामध्ये ऑक्सलेट भरपूर असतं, मुतखडा किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी लांबच राहावं. किडनी बदललेल्या पेशंटने प्रतिकारशक्ती वाढवणारी कुठलीच पावडर स्वतःच्या मनाने घेऊ नये.

एवढं करून फायदा किती? रेशीवरच्या चाचण्यांचा कोक्रेन आढावा 2015 मध्ये आला. 5 चाचण्या, 398 माणसं, त्यात बहुतेक डायबेटिसचे पेशंट. हृदयाचा धोका कमी करण्यासाठी रेशी वापरावी, असा पुरावा त्यात सापडला नाही. मशरूममधल्या बीटा-ग्लुकनचं कौतुक होतं. पण ओट्स किंवा जवाच्या बीटा-ग्लुकनने कोलेस्ट्रॉल उतरायला दिवसाला 3 ग्रॅम लागतात, आणि 500 मिलिग्रॅमची कॅप्सूल पूर्ण बीटा-ग्लुकनची असली तरी त्याचा सहावा भाग होते. उलट अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची 10 मिलिग्रॅमची गोळी एलडीएल एक तृतीयांशाहून जास्त उतरवते. म्हणून कॅप्सूलच्या भरवशावर गोळी बंद करणं हा सगळ्यात महाग सौदा. विशेषतः स्टेंट बसलेल्यांसाठी.

आपल्या वाचकांचा नेहमीचा प्रश्न: हलाल आहे का? दोन गोष्टी बघा. कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असेल तर ते कुठल्या प्राण्याचं, हे डबीवर बहुधा नसतं. वनस्पतीजन्य आवरण असेल तर तो प्रश्न मिटतो. दुसरं, रेशी आणि चागाचे थेंब म्हणजे टिंक्चर पुष्कळदा अल्कोहोलमध्येच काढलेले असतात. घटकांची यादी वाचा. हलालचा शिक्का असला तरी तो औषधांबरोबर चालेल असा दाखला नव्हे.

डबीवर एफएसएसएआयचा नंबर दिसला म्हणजे सरकारने औषध म्हणून पास केलं, असंही नाही. तो खाद्यपदार्थाचा परवाना आहे, आणि अशा डब्यांवर "औषधी वापरासाठी नाही" असं छापावं लागतं. विकणारा मात्र नेमकं औषध म्हणूनच विकतो!

आधीच घेत असाल तर घाबरून स्टॅटिन सोडू नका. कॅप्सूल थांबवा आणि पुढच्या भेटीत डबी पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या, नुसतं नाव सांगून भागत नाही. गोळीने अंग दुखत असेल तर तेही स्पष्ट बोला. डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिन देता येतं, एझेटिमाइबसारखं वेगळं औषधही आहे. बदल केल्यावर 6 ते 12 आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल परत करून घ्यावी.