रावळगाव : उसाच्या मळ्यातून दुकानाच्या बरणीत

सोलापूरचे वालचंद हिराचंद म्हटलं की जहाजं, विमानं आणि मोटारींचे कारखाने आठवतात. पण त्यांचा जो माल घरोघरी पोचला, तो सुट्या पैशांत मिळणारा होता. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, रावळगाव इथे त्यांनी ऊस उभा केला आणि १९३३ मध्ये 'रावळगाव शुगर फार्म' ही कंपनी स्थापन केली. साखर घरचीच होती. तिचा पाक करून गोळ्या घडवायला १९४२ मध्ये सुरुवात झाली.

पुढची कित्येक दशकं किराणा दुकानातल्या काचेच्या बरण्या या गोळ्यांनी भरलेल्या असत. पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन, वर्गातला वाढदिवस, मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे निघताना एसटी स्टँडवर घेतलेला खाऊ, या सगळ्यांत रावळगाव असे. शिवाय सुटे नाहीत म्हणून दुकानदार हातावर गोळ्या ठेवी, ती आयती कमाई. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक, टुटी फ्रुटी ही घराण्यातली गाजलेली नावं. दूरदर्शनच्या जमान्यात पान पसंदच्या जाहिरातीत फणकाऱ्याने लग्नाला नकार देणारी तरुणी गोळी तोंडात टाकताच लाडात यायची. तिची नक्कल गल्लोगल्ली होत असे. मुलांना पान खायची बंदी होती, पानाच्या चवीची गोळी मात्र चालायची. पान पसंदचं यश बरंचसं त्यात होतं.

मग दिवस पालटले. बड्या कंपन्या आणि गल्लीबोळातले छोटे उत्पादक, दोघांशीही स्पर्धा वाढली. कच्चा माल, वीज आणि मजुरी महागली. गोळीची किंमत मात्र आठ आणे-रुपयापुढे सरकेना. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये व्यवहार जाहीर झाला. रावळगावची व्यापारचिन्हं, पाककृती आणि बौद्धिक संपदेचे हक्क रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्सने २७ कोटी रुपयांना घेतले. जमीन, इमारती, यंत्रसामग्री मूळ कंपनीकडेच राहिली. म्हणजे विकली गेली ती नावं आणि चव. रिलायन्सने २०२२ मध्ये कॅम्पा कोलाही असाच घेतला होता. लहानपणीच्या चवीला बाजारात भाव आहे, हे या खरेदीवरून कळतं.

पण नुसत्या आठवणीवर गोळी खपत नाही. 'पल्स' ही कैरीच्या चवीची रुपयाची गोळी २०१५ मध्ये आली, तिला कुणाच्या बालपणाचा आधार नव्हता, तरी ती धडाक्यात खपली. रावळगावच्या आठवणी काढणारे आपण मात्र बरणीकडे पाहायचं कधीच सोडलं होतं. तेव्हा यापुढे दुकानात पान पसंद दिसली, तर हळहळत बसू नका. चार गोळ्या मागून घ्या आणि घरातल्या मुलांनाही द्या.